तारामाशाला पुढची बाजू असते का? ओहोटीच्या कातळावर सममिती वाचायची पद्धत

शाळेत कंटकचर्मी प्राण्यांबद्दल, म्हणजे तारामासा, सी-अर्चिन यांच्या गटाबद्दल, एक वाक्य पाठ करून घेतात: प्रौढ अवस्थेत पंच-अरीय सममिती (मध्याभोवती पाच सारखे भाग), डिंभावस्थेत म्हणजे अळीच्या अवस्थेत द्विपार्श्व सममिती (डावं-उजवं सारखं). वाक्य बरोबर आहे. पण ते पाठ असलेल्या विद्यार्थ्याच्या हातात काटेरी, गोल सी-अर्चिनचं कवच दिलं, की तो पाच मोजतो आणि थांबतो. खरं वाचन तिथून पुढे सुरू होतं. त्या पाचांच्या सारखेपणाला कुठली तरी एक जागा छेद देत असते. ती सापडली की प्राणी वाढला कसा, चालतो कसा, कधीकधी त्याची वीण कशी होते हेसुद्धा उलगडतं. खालची सगळी पद्धत याच एका सवयीवर उभी आहे: आधी सारखेपणा मोजायचा, मग तो मोडणारी जागा शोधायची.

जायचं कधी, न्यायचं काय

मुंबईतला हाजी अलीचा खडकाळ पट्टा, रत्नागिरी-मालवणचे कातळ, गोव्यात हणजूण, अशा जागी पाणी बरंच मागे हटलं तरच काही दिसतं. त्यासाठी उधाणाचे दिवस धरावेत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसं उतरत नाही. वेळ काढायचा कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती भरायची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, म्हणून पहाटे दीडच्या भरतीनंतर सहा तासांनी, सकाळी साडेसातच्या आसपास पुरी ओहोटी. कोवळं ऊन आणि उतरलेलं पाणी, दोन्ही एकत्र मिळतं. हा हिशोब अंदाजापुरता आहे. निघण्याआधी त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पाहून घ्या, ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा. पावसाळ्यात कातळावर जाऊच नका.

सोबत हवं ते एवढंच: घट्ट तळव्याचे बूट, फोन, पट्टी, वही, छत्री आणि काचेच्या बुडाचा एखादा डबा. डबा पाण्यावर टेकवला की लाटांची थरथर थांबते, छत्रीच्या सावलीने चकाकी जाते, आणि प्राणी पाण्याबाहेर न काढता स्वच्छ फोटो मिळतो. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सममिती पाहायला प्राण्याला हात लावायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. समुद्रकाकडी, म्हणजे सी-ककुंबर, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे, प्रवाळही तसेच. ते उचलणं गुन्हा ठरतो. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

हात दूर ठेवायचं आणखी एक कारण. कातळावर हिरवट-तपकिरी गालिच्यासारखे पसरणारे झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातेवाईक) दिसायला निरुपद्रवी, पण त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. शंकूच्या आकाराचे कोन स्नेल जिवंत असतील तर दंश करू शकतात. लांब काट्यांच्या अर्चिनचे काटे कातडीत मोडून राहतात.

तीन चाचण्या

फोटो बरोबर डोक्यावरून घ्या. फोन किंचित कलला तरी जवळचा भुज लांब आणि पलीकडचा आखूड दिसतो, आणि नसलेली असमानता वहीत उतरते. फ्रेममध्ये पट्टी असू द्या. घरी आल्यावर फोटो छापा आणि या क्रमाने बघा.

पहिली चाचणी मोजणीची: एकसारखे भाग किती? दुसरी फिरवण्याची: फोटोवर बटरपेपर ठेवून बाह्यरेषा काढा, मध्यावर टाचणी लावा आणि कागद फिरवा. पाच भागांचा प्राणी 72 अंशांत, चार भागांचा 90 अंशांत, सहा भागांचा 60 अंशांत पुन्हा स्वतःवर बसतो. तिसरी आरशाची: छोटा सपाट आरसा फोटोवर उभा धरा आणि हळूहळू फिरवा. ज्या ज्या रेषेवर अर्धा प्राणी आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पूर्ण प्राणी तयार होतो, ती आरसारेषा. नियमित पाच भुजांना अशा पाच रेषा मिळतात. प्रत्येक रेषा एका भुजाच्या मधून जाते आणि समोरच्या दोन भुजांच्या मधल्या खाचेतून बाहेर पडते.

इथवर बाह्यरेषा झाली. आता त्या बाह्यरेषेत तोंड, गुदद्वार आणि चाळणीची तबकडी (तिची ओळख पुढे येते) भरा आणि तिन्ही चाचण्या पुन्हा करा.

तारामासा: पाच रेषांची एक होते

वाळू-चिखलाच्या उथळ किनाऱ्यावर अॅस्ट्रोपेक्टेन हा चपटा, कडेला काट्यांची झालर असलेला तारामासा मिळतो. तो पाठीकडून बघा. पाठीवर मध्यापासून बाजूला, दोन भुजांच्या बेचक्यात, एक छोटी खडबडीत गोल तबकडी असते. हीच चाळणीची तबकडी, म्हणजे मॅड्रेपोराइट. तिच्यावर बारीक खाचा असतात आणि आतल्या जलवाहिन्यांचा समुद्राच्या पाण्याशी संबंध तिच्यातून येतो. अॅस्ट्रोपेक्टेनमध्ये ती भुजांच्या बेचक्यात अगदी काठाजवळ असते. फोटो मोठा करून पाचही बेचकी एकामागून एक तपासा. एकातच ती असेल.

सापडली की कागदावर ती खूण करा आणि कागद फिरवा. आता तो कुठेच जुळत नाही. आरसा फिरवा: पाचांपैकी चार रेषा बाद होतात. उरते ती एकच, मॅड्रेपोराइटमधून निघून बरोबर समोरच्या भुजाच्या टोकाला जाणारी. पुस्तकातली पंच-अरीय सममिती बाहेरून शाबूत दिसते, पण एका तबकडीने प्राणी द्विपार्श्व करून टाकलेला असतो. तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या दोन भुजांना द्विभुज आणि उरलेल्या तिघांना त्रिभुज गट म्हणून वहीत नोंदवा. पुढे इतर प्राण्यांशी तुलना करायला ही विभागणी लागते.

या रेषेला मात्र चालण्याची दिशा समजू नका. तारामासा कुठल्याही भुजाला पुढे करून निघतो आणि दिशा बदलायची तर अंग न वळवता दुसरा भुज पुढे करतो. प्रत्येक भुजाच्या टोकाला प्रकाश ओळखणारा ठिपका असतो, म्हणजे पाहण्याची सोयसुद्धा पाचही बाजूंना आहे. त्याला कायमची पुढची बाजू नाही. शरीररचनेत अक्ष आहे, वागण्यात नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वहीत ते वेगळ्या रकान्यांत हवेत.

भुज पाचच असतील असंही नाही. आपल्याकडच्या समुद्रात मिळणाऱ्या ल्युडिया मॅक्युलाटाला बहुधा सात ते नऊ भुज असतात. मोजताना तुटलेल्या भुजांची खुंटं आणि नव्याने फुटणारे कोंब धरूनच मोजा. एखादा भुज बाकीच्यांपेक्षा बराच आखूड असेल तर तो पुन्हा उगवतो आहे.

ब्रिटल स्टार

दगडाखाली सळसळत पळणारे, गोल चकतीला बारीक लवचिक भुज असलेले हे प्राणी. चकती आणि भुज यांच्यातली हद्द स्पष्ट, ही त्यांची ओळख. यांची मॅड्रेपोराइट पाठीवर शोधू नका, ती तोंडाच्या बाजूला असते. तोंडाभोवतीच्या पाच ढालींपैकी एक तिचं काम करते. गुदद्वार नसतंच.

यांची चाल नीट बघण्यासारखी आहे. एक भुज पुढे राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भुज जोडीने वल्हवतात, म्हणजे चालताना हा पाच भागांचा प्राणी दोन बाजूंच्या प्राण्यासारखा वागतो. वळायचं झालं की पुढारी भुज बदलतो. चकती वळत नाही.

स्पंजच्या छिद्रांत सहा भुजांचा इवलासा ब्रिटल स्टार दिसला तर तो ऑफिऑक्टिस असू शकतो. त्यातही तीन भुज लांब आणि शेजारचे तीन आखूड दिसले तर फोटो जपून ठेवा. ही जात मधोमध दुभंगून दोन होते आणि प्रत्येक अर्धा हरवलेले भुज नव्याने उगवतो. मोडलेली सममिती इथे प्रजननाची थेट खूण आहे.

अर्चिनचं कवच: टेबलावर सावकाश वाचायचं पान

घरी आणून तासन् तास बघता येईल अशी वस्तू हवी असेल तर वाळूवर वाहून आलेलं, काटे गळालेलं रिकामं कवच घ्या. आत जीव नाही याची खात्री करा. गोड्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने वाळू काढा आणि सावलीत वाळवा. कवच ठिसूळ असतं, म्हणून तळहातावरच धरा.

आता ते दिव्यासमोर धरा. पाच दुहेरी पट्ट्यांमध्ये बारीक छिद्रांच्या रांगा उजळतात. एकेक नलिकापाद, म्हणजे नळीसारखा पाय, छिद्रांच्या एकेका जोडीतून बाहेर येत असे. या पाच पट्ट्यांच्या मध्ये छिद्रं नसलेल्या, मोठ्या गाठी असलेल्या पाच दुहेरी पट्ट्या. त्या गाठींवर काटे बसलेले असतात. छिद्रांच्या पाच, गाठींच्या पाच, आणि प्रत्येक पट्टीत पट्टिकांच्या दोन रांगा, असे उभे स्तंभ एकूण वीस. सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखे ते वरून खाली उतरतात. क्वचित चार किंवा सहा भागांचा अर्चिनही मिळतो. तो वाढीतला दोष असतो, नवी जात नव्हे.

कवच तोंडाकडून उलटं करा. मोठं भोक दिसेल. जिवंतपणी तिथे पाच जबडे आणि पाच दात असलेला सांगाडा असतो, त्याला अॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. परत सुलटं करून माथा भिंगाखाली घ्या. मधलं छोटं भोक गुदद्वाराच्या भागाचं. त्याच्याभोवती पाच मोठ्या पट्टिका, प्रत्येकीत एक ठळक छिद्र, ते अंडी किंवा शुक्राणू बाहेर पडण्याचं. त्यांच्या सांध्यांत पाच लहान पट्टिका. पाच मोठ्या पट्टिकांपैकी एक इतरांहून फुगीर आणि बारीक छिद्रांनी भरलेली दिसेल. मॅड्रेपोराइट हीच.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. मॅड्रेपोराइट घड्याळातल्या एकच्या जागी येईल असं कवच टेबलावर ठेवा, माथा तुमच्याकडे. आता बाराच्या जागी छिद्रांची जी पट्टी येते ती स्वेन लोव्हेन या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाच्या पद्धतीत तिसरी पट्टी, म्हणजे पुढची. बरोबर सहाच्या जागी गाठींची पट्टी येते, ती पाचवी. गोल अर्चिनला स्वतःला पुढे-मागे काही नाही, तो कुठल्याही दिशेला जातो. मग ही दिशा द्यायची कशाला? उत्तर पुढच्या प्राण्यात आहे.

सँड डॉलर आणि हृदयाकृती अर्चिन

वाळूत पुरून राहणारे अर्चिन सरळ एका दिशेला सरकतात, आणि त्यांच्या अंगात पुढे-मागे असा फरक उतरलेला असतो. सँड डॉलरची चपटी चकती घ्या. वर पाच पाकळ्यांचं नक्षीकाम. आरसा लावला तर पाच रेषा जवळपास जुळतात. उलटी करा: तोंड मधोमध, पण गुदद्वार मध्यावर नाही. ते काठाकडे सरकलेलं एक बारीक भोक आहे. तीच मागची बाजू. एकायनोडिस्कसमध्ये मागच्या बाजूला दोन चिरा किंवा खाचाही असतात, त्यामुळे पाकळ्या न बघताही दिशा कळते. हृदयाकृती अर्चिनमध्ये तर तोंडही पुढे सरकतं आणि पुढची पाकळी बाकी चारांहून वेगळी होते.

आता या कवचाची पुढे-मागे रेषा काढा. ती तिसऱ्या छिद्रपट्टीतून निघून पाचव्या गाठपट्टीत संपते, म्हणजे मघाशी गोल कवचावर बारा ते सहा अशी जी रेषा धरली तीच. आणि मॅड्रेपोराइटची मूळ खूण? ती या रेषेवर नाही, तिच्या उजव्या अंगाला आहे. तारामाशात आपण जी एकमेव रेषा मिळवली होती तिच्यापासून ही रेषा 36 अंशांनी फिरलेली आहे. म्हणजे वाळूत सरकणाऱ्या अर्चिनांनी जुनी दोन बाजूंची रचना परत काढली नाही. पाचांच्या रचनेवर त्यांनी स्वतंत्रपणे नवा अक्ष बसवला. एक कवच, एक आरसा आणि पेन्सिल एवढ्यावर ही गोष्ट टेबलावर सिद्ध करता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

समुद्रकाकडीने आणखी वेगळी वाट धरली. तोंड एका टोकाला, गुदद्वार दुसऱ्या टोकाला, आणि प्राणी आडवा पडलेला. जमिनीकडे नलिकापादांच्या तीन पट्ट्या, पाठीकडे दोन. पाच तिथेच आहेत, फक्त तीन-दोन असे वाटले गेले. पाण्यातच बघा आणि पुढे जा.

हे पाच येतात कुठून

अर्चिनचा किंवा तारामाशाचा डिंभक पाण्यात तरंगतो आणि डावं-उजवं स्पष्ट असलेला असतो. त्याच्या पोटात डाव्या आणि उजव्या बाजूंना पोकळ पिशव्या तयार होतात. डावीकडची एक पिशवी कड्याचं रूप घेते आणि तिला पाच फुगवटे फुटतात. पुढची जलवाहिन्यांची सगळी व्यवस्था त्या पाचांतून वाढते. उजवीकडची तिची जोडीदार मागे पडते. रूपांतराच्या वेळी प्रौढ प्राणी बऱ्याच अंशी डिंभकाच्या डाव्या अंगावर घडतो आणि डिंभकाचे बरेच भाग शोषले किंवा टाकले जातात. मॅड्रेपोराइट मध्यावर का नाही, याचा उगम या एकांगी वाढीत आहे.

जीवाश्मही हेच सांगतात. कँब्रियन काळात, 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, कंटकचर्मींच्या संघात पाचाचा नियम पक्का नव्हता. स्पेनमध्ये मिळालेला टेनोइंब्रिकाटा दोन बाजूंचा होता, तर हेलिकोप्लॅकसच्या अंगावर तीन खाचा पिळासारख्या फिरलेल्या होत्या. भारतातले अर्चिनचे जीवाश्म त्या मानाने खूप अलीकडचे. ते कच्छमध्ये आणि नर्मदा खोऱ्यातल्या बाघच्या थरांत मिळतात. संग्रहालयात दिसले तर त्यांच्यावर वरचीच रीत वापरा, कवच दगड झालं तरी छिद्रपट्ट्या टिकतात.

मग तारामाशाचं डोकं कुठे गेलं? 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये लॉरेंट फॉर्मेरी आणि सहकाऱ्यांनी बॅट स्टार या तारामाशातल्या जनुकांचा नकाशा मांडला. इतर प्राण्यांत डोक्याचा पुढचा भाग ठरवणारी जनुकं इथे प्रत्येक भुजाच्या मध्यरेषेवर चालू होती, आणि त्यामागच्या भागांची जनुकं भुजांच्या कडांकडे. धड ठरवणारी जनुकं बाह्य आवरणात जवळजवळ गप्प. बाहेरून पाहता हा प्राणी बहुतांशी डोकंच आहे.

फसवणारे शेजारी

बार्नॅकल: कातळाला चिकटलेला चुनखडी शंकू, चार किंवा सहा पट्टिकांचा, वरून गोल. पण वरच्या तोंडातली झडप बघा. ती डाव्या-उजव्या जोड्यांची असते आणि मधोमध एकच चीर. हा खेकड्या-कोळंबीचा नातेवाईक आहे, आणि द्विपार्श्व आहे.

समुद्रफूल, म्हणजे सी-अॅनिमोन: शुंडकांचा, म्हणजे तोंडाभोवतीच्या लवचिक तंतूंचा, गोल घेर, पण तोंड गोल नसून लांबट फट. तेवढ्यानेच आरसारेषा दोनवर येतात. ऑरेलिया जातीच्या जेलिफिशमध्ये वरून चार नालाकृती जननग्रंथी दिसतात, म्हणजे चारांची सममिती. पावसाळ्यात वाहून येणारं पोर्पिटाचं निळं बटण वर्तुळासारखं दिसतं, पण त्याच्या कडेच्या शुंडकांना हात लावू नका.

गोगलगायी-शंखांना आरसारेषा नसते, त्यांना हात, म्हणजे वळणाची बाजू, असते: उजवी किंवा डावी. ती ठरवताना शंख कसा धरला ते आधी सांगावं लागतं. प्राणिशास्त्रात टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरतात. तोंड उजवीकडे आलं तर उजव्या वळणाचा. पूजेतला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख या रीतीने डाव्या वळणाचा ठरतो, कारण परंपरेत तो उलटा धरून बघतात. विकत घ्यायची वेळ आली तर तोंडाच्या आत मधल्या खांबावर बोट फिरवा. खऱ्या शंखाला तिथे तीन-चार आडव्या घड्या असतात. त्याच्या नावावर विकला जाणारा, अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा मुळातच डाव्या वळणाचा शंख त्या जागी गुळगुळीत असतो.

नोंद कशी लिहायची

प्रत्येक प्राण्याला वहीचं एक पान द्या. वर जागा, तारीख, तिथी आणि ओहोटीची वेळ. मग मोजलेले भाग, तुटलेले आणि उगवणारे धरून. मग बाह्यरेषेला मिळालेल्या आरसारेषा, आणि खाली तोंड, गुदद्वार, मॅड्रेपोराइट भरल्यावर उरलेल्या आरसारेषा. हे दोन आकडे शेजारी शेजारी हवेतच. मग चालताना पाहिलं असेल तर कुठला भाग पुढे होता, आणि दोन-तीनदा पाहिलं तर तोच होता का. मॅड्रेपोराइट दिसली नाही तर ‘नाही’ लिहू नका, ‘दिसली नाही’ लिहा. जातीच्या नावाची घाई करू नका. पाठ, तोंडाची बाजू आणि कड असे तीन फोटो असले तर ओळख पटवायला पुढे जाणकारांना पुरतात. जिवंत प्राण्याची तोंडाची बाजू आपण होऊन दिसली नाही, तर ती जागा रिकामी सोडा.